कुलाब्याहून कुलाब्याला

मराठीचा विद्यार्थी 'दिग्दर्शन' हे नाव एका गुणाच्या उत्तरासाठी पाठ करतो. मराठीतले पहिले मासिक, १८४०, संपादक बाळशास्त्री जांभेकर, पुढचा प्रश्न. आम्हीही पनवेलच्या वर्गात वर्षानुवर्षे हेच शिकवीत आलो. भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान, गणित असे विषय नकाशे-आकृत्यांसह मराठी मुलांपुढे ठेवणारे ते मासिक होते. पण हा तपशील 'नियतकालिकांचा इतिहास' या प्रकरणात हरवतो आणि बाळशास्त्री उरतात ते केवळ 'दर्पण'कार म्हणून.

'दिग्दर्शन' निघाले तेव्हा बाळशास्त्री अठ्ठावीस वर्षांचे होते. ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवीत, आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची जबाबदारीही काही काळ त्यांच्याकडे होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. म्हणजे मराठी मुलांना सृष्टीची कोडी उलगडून सांगणे आणि त्यांतल्याच एका कोड्याची नोंद ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच शहरात, वर्षभराच्या अंतराने सुरू झाली. पोंभुर्ल्याहून आलेल्या या शास्त्र्याचा दोन्हींशी संबंध होता. १८४६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले.

कोडे असे : होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, पण ती अगदी स्थिर कधीच नसते. दिवस चढतो तशी ती किंचित सरकते आणि रात्री बहुतांशी जागेवर येते. सूर्यावर खळबळ झाली की तिच्याही अंगात येते. रोजचा हा बदल मूळ चुंबकक्षेत्राच्या हजारांश भागाच्या आसपास असतो. तो टिपायचा तर आसपास लोखंड नको.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो, त्यातला काही जमिनीत झिरपतो, आणि प्रवाह आला की चुंबकत्व आलेच. पृथ्वीचा सूक्ष्म कंप ऐकू पाहणाऱ्या सुईच्या दाराशी हा गोंगाट चालणार नव्हता. संचालक होते नानाभाई मूस. ट्राम अडवण्यापेक्षा सुईच हलवावी असे ठरले आणि १९०४ साली वेधशाळा अलिबागला आली. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. म्हणजे बिऱ्हाड कुलाब्याहून निघून कुलाबा जिल्ह्यातच पोचले! १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, त्यामुळे जुनी मालिका तुटली नाही. विजेची ट्राम मुंबईत १९०७ च्या मे महिन्यात धावली.

अलिबागच्या इमारतीसाठी दगड मात्र पोरबंदरहून आणला. सह्याद्रीच्या पायथ्याशी दगडाचा काय तुटवडा? पण आपल्या काळ्या कातळात, कर्नाळ्याच्या सुळक्यात आहे त्याच बसाल्टमध्ये, लोहाची खनिजे असतात आणि ती सुईला ओढतात. खिळ्यांच्या जागीही तांबे-पितळ आले.

हे सारे पाठ्यपुस्तकात सांगून पटत नाही. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावरची काळसर वाळू आणि एक साधा लोहचुंबक वर्गात नेला. चुंबक वाळूतून फिरवताच त्याला काळ्या कणांची मिशी फुटली. मराठीच्या तासाला असे काही होते याचेच मुलांना नवल वाटले. आम्हाला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. 'दिग्दर्शन'चा धडा एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी मान वर करून ऐकत होते.

'सृष्टिज्ञान' १९२८ साली पुण्यात निघाले, मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली; ही परंपरा खंडित नाही. ती आमच्या मराठी विभागाच्या उंबरठ्याबाहेर राहिली, इतकेच. विज्ञानाचे मराठी गद्य हे गद्यच नव्हे, अशी आमची समजूत कोणी करून दिली कोण जाणे.

त्या तासाच्या शेवटी पनवेलहून रोज लोकलने ये-जा करणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, आता विजेची रेल्वे अलिबागला नेली, तर ती सुई कुठे नेणार?"

प्रश्न आम्ही फळ्यावर लिहून ठेवला आहे. दिवाळीनंतर मुलांना घेऊन वेधशाळेत जायचे ठरते आहे.