रोहिणी : शेजारच्या आसनाची गोष्ट

अश्विनी, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. पंचांगातली ही नावे आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याने ग्लायडरांना दिली होती. त्यांतली रोहिणी १९६१ साली प्रथम उडाली. एस. राममृतम यांनी आखलेले हे प्रशिक्षणाचे ग्लायडर लाकडी होते आणि त्यात दोन आसने होती, तीही शेजारी-शेजारी.

अशा मांडणीने पुढचा भाग रुंद होतो, हवेचा अडथळा वाढतो आणि तेवढ्याच उंचीवरून कमी अंतर कापले जाते. मग हा तोटा का पत्करायचा?

सुरुवातीच्या काळात ग्लायडरमध्ये एकच आसन असे. नवखा एकटाच आधी जमिनीवर घसरत, मग लहान उड्या घेत शिके. चूक कळे ती बहुधा आदळल्यावर. पुढे दोन आसने आली, पण मागे बसलेल्या शिक्षकाला शिष्याचे डोकेच तेवढे दिसे. शेजारी बसणाऱ्याला त्याची नजर दिसते, दांड्यावर आवळलेली मूठ दिसते. इंजिन नसल्याने हळू आवाजातही सांगता येते.

म्हणून विक्रमांच्या यादीत रोहिणीला शोधू नये. तिची खरी नोंद तिच्यात शिकून पुढे एकट्याने उडालेल्यांच्या लॉगबुकांत आहे.