सनद कशाची?

1779 साली पुण्यास झालेल्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना वार्षिक 12,000 रुपये वसुलाची गावे देऊ केली. पुढे 1783 आणि 1785 साली त्यांच्या सनदा निघाल्या, आणि आज ज्या मुलखास दादरा-नगर हवेली म्हणतात तो, खेरडीसारख्या गावांसह, पोर्तुगीजांकडे गेला. परंतु गावे दिली म्हणजे नेमके काय दिले? भूमीचे स्वामित्व, की केवळ वसूल घेण्याचा हक्क? हा प्रश्न अखेर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. 12 एप्रिल 1960 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, मराठ्यांनी दिला तो सरंजामी वसुलाचा हक्क. पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व त्यानंतर इंग्रजांच्या मूक संमतीने रूढ झाले. दिलेला हक्क लहान होता; मर्यादा कोणी राखली नाही म्हणून तो वाढला.

पेटंट हीदेखील एक सनदच होय. संशोधकाने आपली युक्ती जगापुढे उघड करावयाची आणि त्या मोबदल्यात राज्याने त्यास ठराविक मुदतीपुरता अनन्य हक्क द्यावयाचा, असा हा करार असतो. ज्या 1954 साली सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या गोडार्ड आणि लिनॉट या अभियंत्यांच्या नावे चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणाऱ्या यंत्रासाठी अर्ज दाखल झाला. 1956 साली ते यंत्र बाजारात आले. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्यांवर त्यात 50 लाख अक्षरे मावत. पेटंट मात्र 1970 साली मिळाले. ही सनद यंत्राची होती; तिची हद्द ओळखणे फारसे अवघड नव्हते.

परंतु तबकडी म्हणजे दप्तर नव्हे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे हजारो रुमाल आहेत. कोणत्या रुमालात काय आहे याची यादी नसेल तर हवा तो कागद हाती लागावयाचा नाही. तबकडीचेही तसेच आहे. कोणत्या फाइलीचा कोणता तुकडा कोठे ठेवला आहे हे सांगणारी ‘फॅट’ नावाची नोंदपद्धती मायक्रोसॉफ्टमध्ये 1977 च्या सुमारास तयार झाली. तीत फाइलीचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे तीन अक्षरांची पुस्ती, एवढेच असे. पुढे लांब नाव आणि जुन्या यंत्रांस वाचता येईल असे आखूड नाव शेजारीशेजारी नोंदविण्याची युक्ती निघाली. तिचे अमेरिकन पेटंट कंपनीला 1996 साली मिळाले.

तोवर ही नोंदपद्धती सर्वत्र पसरत चालली होती. छायाचित्रकाराचे कार्ड कोणत्याही संगणकात वाचता आले पाहिजे. म्हणून कारखानदारास दुसरी पद्धती घेणे परवडत नसे. 2003 साली कंपनीने परवान्याचा दर जाहीर केला : नगामागे 25 सेंट, आणि एका उत्पादकाकडून जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. 2009 साली तिने टॉमटॉम या डच कंपनीवर दावा लावला. काही आठवड्यांतच तडजोड झाली आणि टॉमटॉमने पैसे देण्याचे मान्य केले.

भारताने ही हद्द कायद्यातच आखली आहे. 1970 च्या पेटंट कायद्यात 2002 साली झालेल्या दुरुस्तीने ‘केवळ संगणक-आज्ञावली’ पेटंटास अपात्र ठरविली. डिसेंबर 2004 च्या वटहुकुमाने ती मर्यादा सैल केली. परंतु 2005 साली संसदेने कायदा करताना ती सवलत गाळून टाकली. खेरडीच्या कारखानदाराचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो. त्याने तबकडीची नवी यंत्रणा बनविली तर तिला सनद मिळू शकेल; निव्वळ नोंदी ठेवण्याच्या हिशेबाला मिळणे कठीण. मात्र वाद पुरता मिटलेला नाही. तांत्रिक परिणाम साधणारी युक्ती ‘केवळ’ आज्ञावली ठरत नाही, असा दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2019 च्या निर्णयाचा रोख आहे.

लांब नावांच्या त्या अमेरिकन पेटंटाची मुदत 2013 साली संपली आणि ती युक्ती सर्वांची झाली. पेशव्यांच्या सनदेला अशी मुदत नव्हती. पेटंटाला ती असते हे खरे. तथापि मुदत असेपर्यंत हक्क कोठवर पोहोचावा, हे शब्दच ठरवितात. म्हणूनच सनद देताना ती कशाची, हे आधी लिहून ठेवावे लागते.