बेवारशी वेड आणि राज्यसत्ता

दिल्लीहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या बादशाही सडकेने सुमारे नव्वद किलोमीटर गेले म्हणजे पानिपत लागते. आणि शहराबाहेर थोड्या अंतरावर काला अंब नावाचे ठिकाण आहे. तेथे एके काळी आंब्याचे एक झाड होते. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामात सांडलेल्या रक्ताने त्याची पाने काळवंडली, अशी लोकांची समजूत. ते झाड केव्हाच गेले; आज तेथे एक स्मारकस्तंभ उभा आहे. मराठी माणूस तेथे जातो तो पडलेल्या वीरांना नमस्कार करण्यासाठी. पण त्या दिवशी जे पडले नाहीत आणि तरीही घरी परतले नाहीत, त्यांची आठवण क्वचितच कोणी काढतो. ज्याला घर नाही, ज्याचे चित्त ठिकाणावर नाही आणि ज्याला ओळखणारे जवळ कोणी नाही, अशा माणसाचे समाजाने काय करावे? हा प्रश्न काला अंबच्या मैदानावर जितका खरा होता, तितकाच आजही खरा आहे.

पराभवानंतर दक्षिणेकडे पळत सुटलेल्या लोकांत शिपाई होते, बाजारबुणगे होते, यात्रेच्या ओढीने लष्कराबरोबर आलेल्या बायका होत्या. थंडीचे दिवस, पोटात अन्न नाही, मुलूख परका, भाषा परकी. अशा स्थितीत त्यांना आधार मिळाला तो भरतपूरच्या सुरजमल जाटाचा. त्याने व राणी किशोरीने या लोकांना अन्नवस्त्र दिले, जखमींची शुश्रूषा केली आणि ते चालण्याजोगे झाल्यावर त्यांना ग्वाल्हेरच्या वाटेला लावले. या उपकाराचा विशेष असा की, त्यात आश्रय होता, पण कोंडमारा नव्हता. माणूस सावरला म्हणजे त्याला त्याच्या माणसांकडे पाठवावयाचे, एवढाच त्याचा हेतू होता.

सर्वच माणसे परत पोचली नाहीत. कोण रणात पडला, कोण बंदिवान झाला, कोण वाट चुकला, हे पुण्यात कित्येक वर्षे निश्चित कळेना. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी आपले पती जिवंत आहेत ही श्रद्धा सोडली नाही. या अनिश्चिततेतूनच भाऊसाहेबांच्या तोतयाचे प्रकरण उद्भवले. तो कैदेत पडला, पुढे सुटला, त्याने कोकणात धामधूम केली, आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात पंचांपुढे चौकशी होऊन त्याला देहान्त शासन झाले. एक माणूस जो म्हणवितो तो आहे की नाही, हे ठरविण्यासाठी एका राज्याला साक्षीपुरावे गोळा करावे लागले. माणसाची ओळख केवळ त्याच्या सांगण्याने सिद्ध होत नाही. ती दुसऱ्या कोणी तरी पटवावी लागते, हा या प्रकरणाचा एक अर्थ आहे. आणि ज्याला असा साक्षीदारच उरलेला नाही, त्याचे बोलणे खरे असले तरी ते भ्रमातच जमा होते.

आपल्या जुन्या समाजाने अशा माणसांना काही एक जागा दिली होती. महानुभावांच्या परंपरेत पूज्य मानले गेलेले ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, हे तेराव्या शतकात गावभर मनमुराद हिंडत. हव्या त्या घरात शिरत. हवे ते उचलून खात. लोक त्यांना वेडे म्हणत आणि त्यांच्या पायाही पडत. म्हाइंभटांनी त्यांच्या ज्या लीळा नोंदविल्या, त्यांत हे गाव आपल्या भ्रमिष्ट वाटणाऱ्या पुरुषाला कसे सांभाळून घेत होते, त्याचे चित्र दिसते. परंतु म्हणून जुना काळ सर्वथा दयाळू होता असे समजणे भाबडेपणाचे होईल. ज्याच्या ठायी कोणी देवत्व पाहिले नाही, त्याच्या नशिबी साखळदंड, मांत्रिकाचे फटके, नाही तर पोरांचे दगड असत.

या व्यवस्थेच्या जागी कायदा आला तो १८५८ साली. हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आदल्या वर्षीचा उठाव नुकताच चिरडला गेला होता, कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य येत होते, आणि याच वर्षी दिल्ली-पानिपतचा मुलूख वायव्य प्रांतातून काढून पंजाबला जोडण्यात आला. रस्त्यावरचा प्रत्येक अनोळखी फिरस्ता सरकारला संशयास्पद वाटावा, असा तो काळ. त्या वर्षीच्या छत्तिसाव्या कायद्याने पोलीस अधिकाऱ्यावर असे कर्तव्य घातले की, आपल्या हद्दीत मोकाट भटकणारा जो कोणी वेडा भासेल, त्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे पाठवावे. भटकणे आणि वेड या दोन गोष्टी कायद्याच्या एकाच वाक्यात एकत्र आल्या. घर असलेल्या वेड्याला नातलगांचे छप्पर होते. कायद्याचा हात प्रथम पडला तो बिनछपराच्या माणसावर.

याचा परिणाम काय झाला, याचा पुरावा सरकारच्याच एका चौकशीत सापडतो. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींवरून गांजा हे वेडाचे मोठे कारण असल्याचे त्या वेळी मानले जाई. १८९३-९४ मध्ये नेमलेल्या गांजाविषयक आयोगाने १८९२ सालच्या नोंदी मुळापासून तपासल्या, तेव्हा त्या भरवशाच्या नसल्याचे आढळले. गोष्ट साधी होती. रुग्णाबरोबर जो कागद येई, त्यात वेडाचे कारण लिहिण्याचा एक रकाना असे. पकडलेला माणूस फिरस्ता. त्याचा पूर्ववृत्तान्त सांगणारे कोणी नाही. रकाना तर भरला पाहिजे. मग बैरागी किंवा फकीर दिसला की तेथे गांजा लिहून मोकळे व्हावयाचे. एका माणसाचे अवघे पूर्वायुष्य अशा रीतीने एका शब्दात संपे, आणि त्या शब्दांची बेरीज करून शास्त्र बनविले जाई.

१९१२ च्या कायद्याने ही पद्धत अधिक रेखीव केली. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, तपासणीसाठी ठेवण्याची मुदत, हे सर्व त्यात आले. पण भटकणाऱ्याला पकडण्याचा पोलिसांचा अधिकार कायम राहिला. पुढील दशकात ‘वेड्यांचे इस्पितळ’ हे नाव जाऊन ‘मनोरुग्णालय’ हे नाव येऊ लागले. आपल्याकडील येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील संस्थांचा इतिहास याच काळाशी निगडित आहे. यांच्या भिंतींआड अनेकांना औषध मिळाले, हे नाकारता येणार नाही. परंतु बरे झाल्यावर न्यावयास कोणी आले नाही, म्हणून तेथेच म्हातारे झालेले लोकही याच भिंतींआड होते.

स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी, १९८७ मध्ये, नवा कायदा झाला आणि तो १९९३ च्या एप्रिलमध्ये अमलात आला. त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. दिल्लीत शाहदरा येथील जुन्या मनोरुग्णालयाचे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार एका स्वायत्त संस्थेत रूपांतर झाले. या संस्थेच्या डॉक्टरांनी पुढे जामा मशिदीच्या परिसरात बेघरांपर्यंत जाऊन उपचार केले. दुसरी गोष्ट म्हणजे, पत्रकार शीला बरसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे. हा निर्णय द्यावा लागला, यावरूनच तोपर्यंत काय चालले होते ते दिसते. आणि तुरुंगाबाहेरची स्थितीही फारशी निराळी नव्हती. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस रुग्ण प्राणास मुकले.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. पोलिसांनी भटकणाऱ्या रुग्णाला संरक्षणात घ्यावे, हे कर्तव्य त्यातही आहे; मात्र त्याला कारण सांगितले पाहिजे, चोवीस तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेले पाहिजे, आणि कोठडीत मुळीच ठेवता कामा नये. तो बेघर असेल, तर त्याच्या माणसांचा माग लागावा म्हणून हरवलेल्या व्यक्तीची तक्रार नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. संमतीवाचून दाखल करावयाचे झाल्यास पहिली मुदत तीस दिवसांची, आणि त्यावर पुनर्विलोकन मंडळाची देखरेख. साखळीला मनाई. बेघर व निराधार रुग्णाला विनामूल्य उपचारांचा हक्क. आणि ज्याच्या वतीने बोलणारे कोणीच नाही, त्याच्यासाठी समाजकल्याण खात्याच्या संचालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने प्रतिनिधी म्हणून उभे राहावे, अशी तरतूद. १८५८ चा कायदा बेवारशी माणसाला पकडत होता. हा कायदा निदान कागदावर तरी त्याला वारस देऊ पाहतो.

तरीही मूळचा पेच सुटलेला नाही. इच्छेविरुद्ध उपचार म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, असे म्हणणाऱ्यांच्या पाठीशी दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. उलट, गटारातले पाणी पिणाऱ्या, जखमेत किडे पडलेल्या माणसाला त्याच्या मर्जीवर सोडणे म्हणजे स्वातंत्र्याचा आदर नव्हे, ती आपली बेपर्वाई होय, असे म्हणणाऱ्यांनाही उत्तर देणे सोपे नाही. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्था सुरू केली, ती अशाच माणसांसाठी. रस्त्यावरून आणलेल्या हजारो रुग्णांना उपचार करून या संस्थेने देशाच्या कानाकोपऱ्यांतील त्यांच्या घरी पोचविले. कर्जतचे केंद्र २००६ पासून चालू आहे, आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्ण थोडा सावरला की त्याला त्याच्याच भाषेत गावाचे नाव विचारावयाचे, आणि मग त्याला तेथवर नेऊन सोडावयाचे, हे या कार्याचे मर्म आहे. सुरजमलाने जे केले, त्याच जातीचे हे काम आहे.

तेव्हा सक्ती असावी की नसावी, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. सक्ती कोणाच्या सोयीसाठी, किती दिवसांसाठी आणि तिच्या शेवटी काय, हे प्रश्न विचारावे लागतात. रस्ता स्वच्छ दिसावा म्हणून माणूस उचलला, तर तो १८५८ चा कायदाच पुन्हा अवतरला असे समजावे, मग गाडीवर रुग्णवाहिका असे लिहिलेले का असेना. माणूस सावरावा, त्याला आपले नाव आठवावे, आणि कोणी तरी ते नाव ओळखावे म्हणून त्याला क्षणभर धरून ठेवले, तर त्या धरण्याला आधार म्हणता येईल. काला अंबच्या मैदानावर ज्यांची नावे कायमची हरवली, त्यांच्यासाठी आपण आता काही करू शकत नाही. आपल्या गावच्या स्टँडवर, स्टेशनवर, पुलाखाली जो बसला आहे, त्याचे नाव अजून विचारता येते.