हाजींच्या जहाजांचे राखणदार

सुरतेला एके काळी ‘बाब-उल-मक्का’ म्हणत, म्हणजे मक्केचा दरवाजा. हिंदुस्थानातले कितीतरी हाजी इथूनच जहाजात बसत. पण सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कर्ताज, जवळ नसेल तर जहाज वाटेत पकडले जाई. त्या कागदावर मरियम आणि ईसा यांची चित्रे असत. असा कागद घेऊन हजला जावे का, हा वाद अकबराच्या काळात उलेमांपर्यंत गेला. ज्याची भीती, त्यालाच पैसे मोजायचे आणि त्याला संरक्षण म्हणायचे!

सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हाजी आणि व्यापाऱ्यांना घेऊन मोखाहून परतत होते. खाफी खान लिहितो की त्यावर ८० तोफा, ४०० बंदुका आणि ५२ लाखांचे सोने-चांदी होते. इंग्रज चाचा हेन्री एव्हरीने ते गाठले. जहाजावरचीच एक तोफ फुटली, डोलकाठीला गोळा लागला आणि कप्तान इब्राहिम खान खाली जाऊन लपला. पुढे स्त्रियांवर जे अत्याचार झाले, तेही खाफी खानाने झाकून ठेवलेले नाहीत.

तोफा होत्या, मग कमी काय पडले? तोफांमागे उभी राहणारी तयार माणसे, आणि सोबतीला एखादे लढाऊ जहाज. दख्खनमध्ये अफाट फौज घेऊन बसलेल्या बादशहाची समुद्रावरची भिस्त मात्र जंजिऱ्याच्या सिद्दीवर होती.

सुरतेच्या इंग्रजांना बेड्या पडल्या. सुटकेसाठी त्यांना हाजींच्या जहाजांना सोबत देण्याचे कबूल करावे लागले. एव्हरीच्या पाच साथीदारांना १६९६ मध्ये लंडनला फाशी झाली; तो स्वतः सापडला नाही.

कुंपणाने शेत खाल्ल्याची खरी गोष्ट पुढेच आहे. चाचे पकडण्याची सनद घेऊन निघालेल्या विल्यम किडने जानेवारी १६९८ मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या मालाने भरलेले ‘केदा मर्चंट’ लुटले. त्या जहाजाकडे रीतसर फ्रेंच परवाना होता. तोच दाखवून किड म्हणाला, हे तर शत्रूचे जहाज! लंडनच्या न्यायालयाने ऐकले नाही. १६०१ नव्हे, १७०१ मध्ये, म्हणजे एव्हरीच्या माणसांनंतर पाच वर्षांनी, तोही फासावर गेला.

त्याआधीच बादशहाने डच, फ्रेंच आणि इंग्रज या तिघांनाही समुद्राच्या राखणीला जुंपले होते: तांबडा समुद्र डचांकडे, इराणचे आखात फ्रेंचांकडे आणि दक्षिणेचा समुद्र इंग्रजांकडे.