पात्राचे मरण, प्रेक्षकाचा हट्ट

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. 2019 साली ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ पाहून तो लोणंदला आला तेव्हा घरात सुतक असल्यासारखा बसला होता. सिनेमात आयर्न मॅन मेला होता. पाच वर्षांनी, जुलै 2024 मध्ये, त्याच भूमिकेतला नट रॉबर्ट डाउनी ज्युनियर त्याच मालिकेत परत येणार, पण या वेळी खलनायक होऊन, अशी घोषणा झाली. भाच्याच्या मित्रांत दोन तट पडले. एक गट म्हणे, आवडता माणूस पुन्हा दिसणार, यात वाईट काय? दुसरा गट म्हणे, मग तेव्हा आम्ही रडलो ते फुकटच. ओट्यावर बसून मी हे ऐकत होतो आणि प्रथम मला हसू आले. नंतर लक्षात आले की हा वाद मला चांगला ओळखीचा आहे. आमच्याच गावात, एका फाटक्या तंबूत, मी तो लहानपणी ऐकला होता.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. नाटक मंडळ्यांची चरित्रे, जुने अंक, जाहिराती हे मिळेल तिथून गोळा करून वाचण्याचा नाद गेली पंचवीस-तीस वर्षे आहे, एवढेच. त्या वाचनातून एक गोष्ट ध्यानात आली. पात्राने मरावे की जगावे, हा वाद मराठीत रुजला तो प्रामुख्याने आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखातल्या माणसांमुळे.

जुन्या संस्कृत नाट्यपरंपरेत नायकाचा वध रंगभूमीवर दाखवणे वर्ज्य होते. भासाच्या ‘ऊरुभंग’मध्ये दुर्योधन प्रेक्षकांसमोर मरतो, पण तो अपवाद. सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले. त्यानंतरच्या पौराणिक खेळांत मरण भरपूर होते, पण ते राक्षसांचे. आरडाओरडा करत यायचे, झुंजायचे आणि पडायचे, हे राक्षसपार्टीचे कामच. त्या मरणाचे दुःख करायला कोणी येत नसे. लोक तेवढ्यासाठी जागत बसत.

चांगल्या माणसाचे मरण मराठी रंगभूमीवर आले ते मुख्यतः शेक्सपियरच्या वाटेने, आणि ती वाट आपल्याच भागातून गेली आहे. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे रूपांतर ‘विकारविलसित’ या नावाने 1883 मध्ये प्रसिद्ध केले. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ आणले. हे हॅम्लेट गाजवले गणपतराव जोशींनी, आणि त्यांची मंडळी होती ‘शाहूनगरवासी’. शाहूनगर म्हणजे सातारा. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर तर एक पाऊल पुढे गेले. त्यांच्या नाटकाचे नावच ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’. तिकीट काढतानाच प्रेक्षकाला शेवट ठाऊक असायचा, तरी तो जायचा.

मात्र याच देवलांनी ‘संगीत शारदा’त (1899) वेगळी निवड केली. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिली जाणारी शारदा जीव द्यायला निघते आणि कोदंड तिला वाचवतो. ‘झुंझारराव’ लिहिणाऱ्या लेखकाला निरपराध बाई रंगभूमीवर मारता येत होती. शारदेला त्याने मारले नाही. शारदा मेली असती तर प्रेक्षक डोळे पुसून घरी गेले असते. ती जगली, त्यामुळे लग्नघरातून मोडून परतलेल्या मुलीशी लग्न करायचे की नाही, या प्रश्नाला प्रेक्षकांना तोंड द्यावे लागले. पात्र जगवणे हा लेखकाचा नेहमी दुबळेपणाच असतो असे नाही, हे मला देवलांनी शिकवले.

राम गणेश गडकऱ्यांनी उलट केले. ‘एकच प्याला’त मूल मरते, सिंधू मरते, सुधाकर मरतो. गडकरी स्वतः 23 जानेवारी 1919 रोजी गेले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक प्रथम केले. बालगंधर्वांच्या भरजरी शालूंची सवय असलेल्या प्रेक्षकांना त्यांची सिंधू ठिगळांच्या लुगड्यात पाहावी लागली. शेवट बदला म्हणायला लेखकच उरला नव्हता.

नाटकातल्या मरणाला मात्र एक उतारा असतो. रात्री मेलेला नट सकाळी बिऱ्हाडाच्या ओसरीवर चहा पिताना दिसतो, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा मरायला उभा राहतो. सिनेमाने हा उतारा काढून घेतला. फितीवर मेलेला माणूस दर खेळाला त्याच जागी, त्याच तऱ्हेने मरतो आणि सकाळी कुठेही भेटत नाही. म्हणून सिनेमातले मरण लोकांना जास्त सलते आणि पुढच्या भागात त्याला परत आणा, असा हट्ट सुरू होतो. हा हट्ट छापील गोष्टींनाही चुकलेला नाही. कॉनन डॉयलने 1893 मध्ये शेरलॉक होम्सला मारले आणि वाचकांच्या रेट्यापुढे 1903 मध्ये त्याला जिवंत परत आणले. आपल्याकडे 2015 ते 2017 अशी दोन वर्षे, कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न लोणंदच्या कांदा बाजारातल्या हमालांपासून एस.टी.च्या वाहकांपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना विचारला. ते मरण पहिल्या भागाच्या अखेरीस कळले होते. कारण दुसऱ्या भागासाठी राखून ठेवले होते. मरणच दुसऱ्या भागाची जाहिरात झाले.

आता आमच्या तंबूकडे येतो.

लोणंदला पावसाळा सरला की टुरिंग टॉकीज यायची. बाया-माणसांच्या मध्ये कनात, खाली जमीन, मागे एकच मशीन. एकच असल्यामुळे रीळ संपले की दिवे लागायचे आणि दुसरे रीळ चढेपर्यंत पुढे काय होणार, यावर तंबूभर वाद चालायचा. 1981च्या सुमारास, मी अकरा वर्षांचा असताना, तिथे ‘शोले’ आला. सिनेमा जुना झाला होता, पण संवाद सगळ्यांना पाठ होते. कारण ‘शोले’च्या संवादांची तबकडी निघाली होती आणि लग्नात, जत्रेत कर्ण्यावर गाण्यांऐवजी गब्बर बोलायचा.

मी आई आणि मावशीबरोबर बायांच्या बाजूला बसलो होतो. मावशी तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. विसाव्या वर्षी तिचे कपाळ पांढरे झाले होते आणि तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. ठाकूर आपल्या विधवा सुनेचे, राधाचे, जयशी लग्न लावून द्यायला तयार होतो आणि तिच्या वडिलांशी बोलायला जातो, तो प्रसंग झाला. पुढे रीळ संपले, दिवे लागले. आई उठली. “चल गं, उशीर झालाय. गुरं बांधायचीत.” मावशी म्हणाली, “आक्का, थोडंच राहिलंय.” आई म्हणाली, “राहू दे. ठरलं न्हवं तिचं लगीन? झालं मग.” मला बापूमामाच्या बाजूला ढकलून त्या दोघी निघून गेल्या. आई हा सिनेमा आदल्या रात्री शेजारणींबरोबर पाहून आली होती, हे मला फार पुढे कळले.

मी शेवटपर्यंत बसलो. जय मेला, राधाने खिडकी लावून घेतली. घरी आल्यावर मावशीने विचारले, “झालं का लगीन?” मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, “झालं.” मी गप्प बसलो.

पुढे वाचताना कळले की ‘शोले’च्या कर्त्यांनाही आईसारखेच वाटले होते. 15 ऑगस्ट 1975 ला सिनेमा लागला आणि पहिले दोन-तीन दिवस प्रतिसाद थंड होता. तेव्हा जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा, असा विचार झाला होता. काही दिवस थांबून पाहू, असे ठरले. तेवढ्यात गर्दी वाढली आणि जय मेलेलाच राहिला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पुढे पाच वर्षे मरत होता.

दुसरा शेवट मात्र खरोखर बदलला. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार करतो. आणीबाणीचे दिवस होते. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे सेन्सॉरला चालले नाही, म्हणून ऐनवेळी पोलीस येतात असा शेवट घ्यावा लागला. हे वाचले तेव्हा मला खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आठवले. 1907च्या त्या नाटकात प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, आणि 1910 मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. सरकार परके असो वा आपले, दुष्टाला दरबाराबाहेर कोणी मारले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की त्याला धास्ती वाटते. नायकाच्या मरणावर मात्र दोन्ही वेळा कोणाची हरकत नव्हती. रडणारा प्रेक्षक कोणालाच अडचणीचा नसतो.

जयच्या मरणाकडे मी यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जय जगला असता तर राधाचे लग्न पडद्यावर लावावे लागले असते. देवलांनी 1899 मध्ये शारदेला जगवून जो प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवला, त्याच जातीचा प्रश्न इथे एका गोळीने मिटला. आईने हे सारे कोणत्याही पुस्तकाशिवाय ओळखले होते. तिने वाद घातला नाही, शेवटचे रीळच नाकारले.

नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’बद्दल (2016) मात्र मी असे म्हणणार नाही. आर्ची-परशाला मारायला नको होते, असे म्हणणारे पुष्कळ भेटले. 2018च्या हिंदी ‘धडक’मध्ये तर मुलीला वाचवलेही. पण ‘सैराट’मधले मरण कोणताही प्रश्न मिटवत नाही. बाळाची रक्ताळलेली पावले पाहून प्रेक्षकाला ज्या गावातून आपण आलो त्याच गावात परत जायचे असते. पात्र मेले का, यापेक्षा त्याच्या मरणाने कोणाची सोय झाली, हे विचारावे, असे मला आता वाटते. भाच्याच्या वादालाही हीच कसोटी लावावी. गेलेल्याला परत आणण्याने गोष्टीची सोय होते की फक्त तिकीटबारीची? ‘रोग वन’मध्ये 2016 साली, तर 1994 मध्ये वारलेल्या पीटर कुशिंगचा चेहरा संगणकाने पुन्हा उभा केला. तिथे पात्र नव्हे, माणूसच परत आणला होता.

जुन्या आठवणींबद्दल माझी स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. सचिन पिळगावकरांनी केलेल्या अहमदला गब्बर हालहाल करून मारतो, तो प्रसंग मी लोणंदच्या तंबूत पाहिला, असे मी अनेक वर्षे छातीठोक सांगत असे. एकदा एका मित्राशी यावरून कडाक्याचे भांडणही केले. पुढे कळले की तो प्रसंग प्रदर्शित प्रतीत नव्हताच. गब्बर मुंगी चिरडतो आणि पाठोपाठ घोडा प्रेत घेऊन गावात येतो, एवढेच पडद्यावर होते. मधले मी घरी येऊन मनात चित्रित केले होते. संशोधकाने स्वतःच्या आठवणीलाही साक्षीदारासारखे उलटसुलट विचारले पाहिजे, हे मी त्या दिवशी शिकलो. त्या मित्राची माफी मागितली.

2025 मध्ये ‘शोले’ला पन्नास वर्षे झाली. त्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या इथे जुन्या सिनेमांच्या महोत्सवात त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत, मूळ शेवटासह, दाखवली गेली. म्हणजे आता गब्बर मरतो. जय तर मरतोच. यातला खरा ‘शोले’ कोणता? दिग्दर्शकाच्या मनातला, सेन्सॉरने पास केलेला, की रिळे तुटून जोड मारलेला आमच्या तंबूतला? पन्नास वर्षे देशाने जो पाहिला आणि ज्याचे संवाद पाठ केले, त्यालाही खरेपणाचा हक्क आहे असे मी मानतो. पण मग आईने अर्ध्यात थांबवलेल्या ‘शोले’लाही तो हक्क द्यावा लागतो.

नव्वदच्या दशकात घरी टीव्ही आल्यावर एका रविवारी ‘शोले’ लागला. आई तोवर गेली होती. मी उठून बटण बंद करायला निघालो, तर मावशी म्हणाली, “असू दे. मला म्हाईतीये.” तिला त्या रात्रीच कळले होते, मी गप्प बसलो त्यावरूनच. जय मेला, खिडकी लागली. मावशीने निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवले. “आक्का मला म्हणायची झालं लगीन, आन् मी हो म्हणायची,” ती म्हणाली. “तिला बरं वाटायचं.”