अंतर वाचायला शिकताना

वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली. टकळीवर कातलेले सूत मोजता मोजता मुलाला हिशेब यावा, हा तिचा आग्रह होता. केवलमूल्याच्या असमानतांकडे मी वाचकांना त्याच वाटेने नेणार आहे.

केवलमूल्याची शाळेत ओळख होते ती बहुधा 'ऋण चिन्ह काढून टाका' एवढीच. कार्ल वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने १८४१ मध्ये वापरलेल्या त्या दोन उभ्या रेघांचा खरा अर्थ मात्र अंतर हा आहे. |क्ष − अ| म्हणजे संख्यारेषेवर क्ष आणि अ यांच्यामधले अंतर. हे एकदा मनात ठसले, की अर्धे काम झाले असे मी मानतो.

सुताचेच पाहा. सूत जितके बारीक, तितका त्याचा अंक मोठा. समजा, विणकराला २० अंकी सूत हवे आहे आणि दोन अंकांचा फरक त्याला चालतो. मग १८ चालेल, २२ चालेल, २३ चालणार नाही. हेच |क्ष − २०| ≤ २. उत्तर १८ ते २२ असा एक सलग तुकडा. परत पाठवायचे सूत कोणते? |क्ष − २०| > २, म्हणजे १८ पेक्षा कमी किंवा २२ पेक्षा जास्त. इथे तुकडे दोन झाले, आणि त्यांना जोडणारा 'किंवा' फार मोलाचा. पुष्कळ विद्यार्थी घाईने १८ > क्ष > २२ असे लिहून जातात. पण १८ पेक्षा लहान आणि त्याच वेळी २२ पेक्षा मोठी अशी संख्या कुठून आणणार?

वाचकांनी सुरुवातीची उदाहरणे पेन बाजूला ठेवून वाचावीत. |क्ष + ३| दिसले की ते −३ पासूनचे अंतर समजावे. |२क्ष − ६| ≤ ४ ला दोनने भागले की |क्ष − ३| ≤ २ उरते. उत्तर १ ते ५. आणि |क्ष| < −२? अंतर ऋण नसतेच, म्हणून उकल नाही. आकडेमोड करायचीच नाही. पुढे महाविद्यालयात सीमेची व्याख्या शिकाल, तीही याच अंतराच्या भाषेत लिहिलेली असते.

आता कागदावर एक आडवी रेघ ओढा, मधोमध शून्य मांडा, पेन बाजूला ठेवा आणि पहिल्या उदाहरणाकडे वळा.