लाल खुणेमागील वचन : रेडक्रॉस चळवळीचा इतिहास आणि तिचे तरुण सेवक

पांढऱ्या पृष्ठभागावरील लाल क्रॉस ही दवाखान्याची, औषधाच्या दुकानाची किंवा डॉक्टरांच्या मोटारीची खूण आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः हे वैद्यकीय व्यवसायाचे चिन्ह नव्हे. रणभूमीवर जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांना कोणीही इजा करणार नाही, या राष्ट्रांनी परस्परांना दिलेल्या वचनाचे ते चिन्ह होय. हे वचन कसे जन्मास आले, त्याची कोणती किंमत मोजावी लागली आणि तरुण पिढीने त्यात कोणता वाटा उचलला, याचा इतिहास स्मरणिकेच्या सुज्ञ वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

दि. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे फ्रान्स व सार्डिनिया यांच्या संयुक्त फौजा आणि ऑस्ट्रियाची फौज यांच्यात घनघोर लढाई झाली. एका दिवसात सुमारे ४०,००० सैनिक मृत वा जखमी झाले. जिनिव्हाचे ३१ वर्षांचे व्यापारी हेन्री ड्युनांट अल्जीरियातील आपल्या व्यवसायासंबंधी सम्राट तिसरा नेपोलियन यांची भेट घेण्यासाठी त्या प्रदेशात आले होते. जवळच्या कास्तिल्योने गावातील चर्च, घरे आणि रस्ते जखमींनी भरून गेले होते. वैद्य मात्र मोजकेच होते. ड्युनांट आपले काम विसरले. गावातील स्त्रिया जखमा धुऊ लागल्या, तर लहान मुले बादल्या व मिळेल ती भांडी घेऊन पाणवठ्यावरून पाण्याच्या खेपा घालू लागली. जखमी कोणत्या पक्षाचा, हे कोणी विचारले नाही. सारे आपले बंधूच, अशी त्या गावकऱ्यांची भावना होती. पुढे जगभर पसरलेल्या युवक सेवेचे बीज पाणी वाहणाऱ्या या मुलांच्या धावपळीत पाहावयास मिळते.

हे अनुभव ड्युनांट यांनी १८६२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले व त्यात दोन सूचना मांडल्या : शांततेच्या काळातच स्वयंसेवकांची पथके तयार करावीत आणि त्यांना संरक्षण देणारा करार राष्ट्रांनी करावा. फेब्रुवारी १८६३ मध्ये ड्युनांट, मोयनिए, जनरल द्युफूर, डॉ. आपिया व डॉ. मोनवार या पाच जणांची समिती जिनिव्हात स्थापन झाली. दि. २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. ड्युनांट स्वतः मात्र १८६७ साली दिवाळखोर होऊन विस्मृतीत गेले. १९०१ सालचे पहिले शांततेचे नोबेल पारितोषिक फ्रेडरिक पासी यांच्यासमवेत त्यांना लाभले.

आता चिन्हाविषयी. पूर्वी प्रत्येक देशाच्या लष्करी वैद्यकीय पथकाचे निशाण वेगवेगळ्या रंगाचे असे. शत्रूला ते ओळखू येत नसे. म्हणून सर्वांसाठी एकच खूण ठरली. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलट करून ती घेण्यात आली आहे. कोणत्याही धर्माचा पुरस्कार करण्याचा तिचा उद्देश नाही. तथापि १८७६ साली युद्धकाळात तुर्कस्तानने लाल चंद्रकोर वापरण्यास प्रारंभ केला आणि १९२९ च्या करारात तिला मान्यता मिळाली. म्हणूनच भारतात रेडक्रॉस, तर पाकिस्तान व बांगलादेशात रेड क्रेसेंट कार्य करते. २००५ साली कोणत्याही धार्मिक वा राष्ट्रीय अर्थापासून अलिप्त असा लाल स्फटिक हे आणखी एक चिन्ह स्वीकारण्यात आले. खुणा वेगळ्या असल्या तरी त्यांमागील वचन एकच आहे.

हे वचन तटस्थतेवर उभे आहे. मानवता, निःपक्षपातीपणा, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वयंस्फूर्त सेवा, एकता व वैश्विकता ही सात तत्त्वे १९६५ साली व्हिएन्ना येथील परिषदेत जाहीर झाली. परंतु तटस्थता कधी कधी मौनाचे रूप घेते. ऑक्टोबर १९४२ मध्ये, ज्यूंचा संहार चालू असताना, आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर आवाहन न करण्याचा निर्णय घेतला. हे आपले मोठे अपयश होते, असे त्या समितीनेच पुढे मान्य केले. दुसरीकडे, खूण धारण करूनही संरक्षण मिळाले नाही, असेही प्रसंग आले. डिसेंबर १९३५ मध्ये इथिओपियात इटालियन विमानांनी स्वीडिश रेडक्रॉसच्या रुग्णालयावर बाँब टाकले. डिसेंबर १९९६ मध्ये चेचन्यातील रुग्णालयात समितीचे सहा कर्मचारी गोळ्यांना बळी पडले. वचन मोडणारे असतात, म्हणून ते पाळणाऱ्यांची जबाबदारी अधिक वाढते.

या कार्यात मुलांना रीतसर स्थान मिळाले ते पहिल्या महायुद्धात. १९१४ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात आणि त्याच युद्धकाळात कॅनडा व अमेरिकेत शाळकरी मुलांच्या शाखा निघाल्या. सैनिकांसाठी मोजे विणणे, पट्ट्या तयार करणे, निधी गोळा करणे ही कामे मुले करीत. युद्ध संपल्यावर या शाखांनी आरोग्य, सेवा व मैत्री ही त्रिसूत्री स्वीकारली. भारतात १९२० च्या कायद्याने इंडियन रेडक्रॉस सोसायटी स्थापन झाली. आज तिच्या वतीने शाळांत ज्युनियर रेडक्रॉस व महाविद्यालयांत यूथ रेडक्रॉस चालते. प्रथमोपचार, रक्तदान आणि पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींतील मदत हे या तरुणांचे कार्यक्षेत्र होय. जगातील १९१ राष्ट्रीय संस्थांचा खरा आधार असे स्वयंसेवकच आहेत. सीरियातील यादवी युद्धात रेड क्रेसेंटच्या अनेक स्वयंसेवकांनी जखमींना उचलून नेताना प्राण गमावले. त्यांच्या अंगावरील गणवेशावर तीच खूण होती आणि ती ओळखली जाईल या विश्वासावरच ते बाहेर पडले होते.

हा विश्वास टिकविणे आपल्याही हाती आहे. आपल्या देशाच्या १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीवाचून या चिन्हांचा वापर करता येत नाही. तसे करणारा दंडास पात्र ठरतो. तरीही दुकानांच्या पाट्यांवर आणि खाजगी वाहनांवर लाल क्रॉस सर्रास आढळतो. शांततेच्या काळात ज्या खुणेचे मोल उरत नाही, तिला संकटकाळी मान कोठून मिळावा?

धर्मादाय दवाखाने व रुग्णवाहिका चालविणाऱ्या संस्थांनी आपल्या पाट्या एकदा तपासून पाहाव्यात आणि चुकीने रंगविलेला लाल क्रॉस पुसून टाकावा. पालकांनी आपल्या मुलामुलींना प्रथमोपचाराचे शिक्षण घेण्यास अगत्याने पाठवावे. कास्तिल्योनेच्या मुलांकडे कोणतीही खूण नव्हती. पाण्याने भरलेली भांडी होती. त्यांच्यासारखी सेवा करण्यास कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही.